दातवाली नाव

मधला तुकडा

"टाचणी खाली ठेव. फ्लेक्सला भोक पडलं की ते जन्मभर राहतं. कापडासारखं मिटत नाही."

आत्या पलंगावरून बोलत होती. तिचा उजवा पाय मांडीपासून पावलापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता, उशांवर चढवून ठेवलेला. याच पायाने ती इतकी वर्षं शिवणयंत्र चालवत आली होती. सोफ्यांची कव्हरं, स्कूटरच्या सीटा, दवाखान्यातले पडदे, सगळं या पायावर. आता यंत्र खिडकीपाशी, पाय पलंगावर, आणि मधल्या जमिनीवर तीन मुलं एका अवाढव्य जाहिरातीवर गुडघे टेकून बसलेली.

जाहिरात टूथपेस्टची होती. नाक्यावरच्या दुकानाने उतरवून टाकलेली. तिच्यावर एक माणूस हसत होता आणि त्याचा एकेक दात उशीएवढा होता.

चिमटीने टाचणी ठेवली. फ्रॉकच्या कॉलरवरून कपड्यांचा एक चिमटा काढून तो तिने फ्लेक्सच्या कडेला लावला. वाळत घालायचे चिमटे ती कायम कॉलरवरच अडकवायची, म्हणून ती चिमटी. तिच्यासमोर मोजपट्टी धरून बसलेला तिचा आत्येभाऊ म्हणजे वकील. जेवायला ये म्हटलं तरी हा विचारणार, "कुठल्या नियमाने?" आणि माणसाच्या गालावर पाय देऊन उभी होती ती शेजारची भोंगा. भोंगा कानात कुजबुजायला लागली तरी गल्लीतली कुत्री उठून बसायची.

"काकू, हे नावेचं कव्हर आहे की नावेची चड्डी?" भोंगाने विचारलं. "कडेने नाडी घालायची म्हणताय म्हणून विचारते."

"चड्डीच समज," आत्या म्हणाली. "पण फाटली तर लाज तुमची जाईल, नावेची नाही."

चिमटी हसली नाही. सुट्टी लागल्याबरोबर ती आत्याकडे आली होती ती वल्हवायला. शिवायला नव्हे. पण आता शिवलं नाही तर वल्हवायला नाव राहणार नव्हती.

मागचा तुकडा (खरं तर हा आधी जोडायचा होता)

गावाच्या कडेला तळं होतं. त्याचंच पाणी सगळ्यांच्या नळाला यायचं. तळ्याच्या मध्यावर दगडी मनोरा होता आणि मनोऱ्यावर एक पाटी. पाणी किती खोल आहे त्याचा आकडा तिच्यावर लावलेला असे. आकडा रोज बदले. धक्क्यावरून हाक मारली तर मनोऱ्यावर ऐकू जाईल, इतकंच अंतर.

धक्क्याला नावा बांधलेल्या असत आणि त्यांत सगळ्यांत छोटी आत्याची. आत्या शिवणकाम आटोपून संध्याकाळी पोरांना पोहायला शिकवायची. नावेच्या डाव्या काठावर तिने एक लाकडी खुंटा ठोकून घेतला होता. त्याला तिची शिट्टी लटकलेली असायची. गावातली अर्धी पोरं त्या शिट्टीवर पोहायला शिकली होती. चिमटीही.

मग दवाखान्याचे पडदे लावताना आत्या स्टुलावरून पडली. नाव धक्क्यावर उघडी राहिली. पावसाच्या सरी आल्या, नावेत पाणी साचलं, पाण्यात डास झाले. आणि एके सकाळी तिच्या बाहेरच्या बाजूवर लाल रंगाची मोठी फुली उमटली.

फुली मारणारे धक्क्याचे साहेब. त्यांच्या हातात कायम लाल रंगाचा डबा आणि कुंचला. नको असलेली पायरी, वाकडा खांब, नादुरुस्त बाक, काहीही असो; साहेब थांबत, मान तिरकी करत आणि फुली मारत. मुलं त्यांना फुलीसाहेब म्हणत.

चिमटी सुट्टीला आली तेव्हा आत्याने पहिल्यांदा नावेबद्दलच सांगितलं. नाव आजपासून तुझ्या ताब्यात. प्लॅस्टर निघालं की पहिलं पाऊल मी तिच्यातच ठेवणार. आणि त्या दिवशी तू मनोऱ्यापर्यंत एकटी वल्हवत जाशील, मी धक्क्यावरून बघेन.

चिमटीला या शेवटच्या वाक्यानंतर झोप लागली नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी ती धक्क्यावर गेली तर ही फुली.

"निकामी," फुलीसाहेब म्हणाले. "ट्रक येतोय, फोडून नेईल."

वकिलाने विचारलं, कुठल्या नियमाने. साहेबांनी सांगितलं, फुलीच्या नियमाने: फुलीवाली नाव वल्हवायची नाही, धक्क्यावर ठेवायची नाही. चिमटी जागची हलली नाही. नाव निकामी आहे हे तुम्ही आत उतरून पाहिलंत का, असं तिने विचारलं. साहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या. आजूबाजूचे मासेमार बघायला लागले होते. शेवटी साहेब म्हणाले की पाणीखात्याच्या मोठ्या बाई तपासणीला येणार आहेत. त्या दिवशी नाव झाकलेली आणि आतून कोरडी दिसली, तर बघू. एक थेंब जरी दिसला तरी ट्रकमध्ये.

"आणि फुलीवर रंग मारायचा नाही," ते जाता जाता म्हणाले.

मुलांनी पाणी उपसलं. नाव ओढून वर घेतली, दोन बाकांवर पालथी घातली, तळ खरवडला, फटी बुजवल्या. फुली सोडून सगळीकडे रंग दिला. रंग वाळेपर्यंत वेळ फुकट कशाला घालवायचा म्हणून वकिलाने त्याच वेळी मापं घेतली: लांबी, रुंदी, डावी कड, उजवी कड, खुंट्याची जागा.

त्या हुशारीकडे आपण नंतर येऊ.

खोळ

पायाने यंत्र चालवणं चिमटीला जमत होतं, पण फ्लेक्स जमू देत नव्हतं. ते सरकायचं, वळायचं, मधेच उभं राहायचं. आत्या पलंगावरून सुईचा आवाज ऐकून चुका पकडत होती. टाके लांब घाल, बारीक घातलेस तर भोकांच्या रांगेवरून फाटेल. दोऱ्याला मेणबत्ती चोळ, म्हणजे भोकातून पाणी झिरपणार नाही. आणि शिवण संपली की मागे-पुढे टाका मारून गाठ पक्की करायची. नेहमी. झोपेतसुद्धा.

"गाठ मारलीस?" आत्या प्रत्येक शिवणीच्या शेवटी विचारायची.

"मारली."

"दाखव."

शेवटी शेवटी चिमटीचा पाय न सांगताच मागे-पुढे जायला लागला.

कव्हरची पांढरी बाजू बाहेर यायची होती आणि हसणारा माणूस आत. मध्ये वेताची कमान घालायची होती, म्हणजे पाणी साचणार नाही. कडेने नेफा आणि नेफ्यात नाडी. आणि काठावरच्या खुंट्यासाठी एक खोळ, हातमोज्याच्या बोटासारखी. खोळ नसती तर खुंट्याने कव्हर ताणून फाटलं असतं. खोळ शिवताना चिमटीला घाम फुटला, पण ती अशी सुबक झाली की आत्याने तिच्यात स्वतःचं बोट घालून बघितलं.

मग त्यांनी कव्हर गुंडाळून धक्क्यावर नेलं, सुलटी करून पाण्यात सोडलेल्या नावेवर पसरलं आणि खोळ उजवीकडे आली.

खुंटा डावीकडे होता.

तिघांनी कव्हर उचललं आणि पुन्हा घातलं. खोळ उजवीकडे. भोंगाने धक्क्याला फेरी मारून येते म्हटलं आणि ती परत आली तरी खोळ उजवीकडेच. वकिलाने खिशातून मापांचा कागद काढला, उलटा धरला, सुलटा धरला आणि हळूहळू त्याचे कान लाल झाले.

"मी माप घेतलं तेव्हा," तो म्हणाला, "नाव पालथी होती."

पालथ्या नावेचं डावं ते सुलट्या नावेचं उजवं. भोंगा हसली तेव्हा पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. वकिलाला आयुष्यात पहिल्यांदाच बाजू मांडता येईना. धक्क्यावरचे मासेमार पोट धरून हसत होते. चिमटीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते तिने बाहेर पडू दिलं नाही. ती कव्हरकडे बघत राहिली. हातमोजा डाव्या हाताचा उजव्या हातात घालायचा तर काय करतात?

तिने कव्हर आतलं बाहेर केलं. खोळ आतून बोटाने ढकलून उलटली. कव्हर पुन्हा नावेवर टाकलं.

खोळ खुंट्यावर टोपीसारखी बसली. नेफा कडेला चपखल आला. सगळ्या शिवणी बाहेर दिसत होत्या, दोऱ्यांची टोकं लोंबत होती, आणि नावेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो माणूस सगळ्या तळ्याकडे बघून दात काढत होता.

फुलीसाहेब डबा घेऊन आले आणि थबकले.

"नाव झाकायला सांगितली होती. लोकांना घाबरवायला नाही."

"नियमात दातांबद्दल काही आहे का, साहेब?" चिमटीने विचारलं.

नव्हतं.

दात गेले

जोराची सर येऊन गेली की मुलं धक्क्यावर पळत. नाडी सोडून आत हात फिरवत. कोरडं ठणठणीत. आत वल्ही जशीच्या तशी. मासेमारांनी हसणं थांबवलं. एकाने तर, असंच एक मला शिवून देशील का, म्हणून चिमटीला विचारलं.

आणि मग एका दुपारी, जेवून ती धक्क्यावर आली तेव्हा तिला आधी कळेचना की नेमकं काय चुकतंय. नाव जागेवर होती. कव्हर होतं. नाडी बांधलेली होती.

पण दात नव्हते.

कव्हर पांढरंशुभ्र दिसत होतं, नीटनेटकं, शिवणी आत. खुंट्यापाशी ते ताणलं गेलं होतं आणि तिथे खुंट्याचं टोक फ्लेक्स फोडून बाहेर आलं होतं. उजवीकडे रिकामी खोळ आत लोंबत होती. मधेच सर पडून गेली होती आणि त्या भोकातून पाणी आत गेलं होतं. नावेच्या तळाशी चांगलं घोटाभर पाणी.

तेवढ्यात मागून पावलं वाजली.

"काय म्हणालो होतो मी?" फुलीसाहेब वाकून आत बघत म्हणाले. "घरच्या घरी शिवलेल्या चिंध्यांनी नावा कोरड्या राहत नाहीत. उद्या बाई येतायत. ट्रकही उद्याच."

चिमटी म्हणाली की हे आम्ही असं घातलं नव्हतं. साहेब म्हणाले, मग काय कव्हर आपल्या आपण कूस बदलतं? वकील नियमांत शिरला, साहेब त्याला नियमांतूनच बाहेर घेऊन आले. त्यांची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती, पण पाऊस पडून गेल्यावर कुणाची नसते?

कव्हर घरी आणून त्यांनी आत्याच्या पलंगावर पसरलं. आत्याने बोटांनी एकेक शिवण चाचपली. मग फाटलेल्या जागी थांबली.

"शिवण कुठेच सुटलेली नाही," ती म्हणाली. "हे आतून ढोसलं गेलंय. ज्याने घातलं त्याने हिसडून ओढलंय."

"पण ज्याने घातलं," चिमटी सावकाश म्हणाली, "त्याला वाटलं की तो बरोबर घालतोय."

तिघंही तिच्याकडे बघायला लागली. तिचं तिलाच उलगडत होतं. कव्हरचं उलट-सुलट पाहिलं तर कुणीही शहाणा माणूस शिवणी आत घालणार. चोर असता तर त्याने नाव नेली असती. खोडकर पोरगं असतं तर त्याने कव्हर पाण्यात फेकलं असतं. हे कव्हर कुणीतरी काढलं होतं, आणि काम झाल्यावर कुणाला कळू नये म्हणून नीट परत घातलं होतं. इतकं नीट, की तिथेच तो फसला.

"म्हणजे नाव वापरली," वकील म्हणाला.

"निकामी नाव," भोंगा म्हणाली, आणि शेजारच्या घरातून तिच्या आईने ओ दिली.

नेफा

कुठे जायला?

हा प्रश्न घेऊन ती तिघं संध्याकाळी धक्क्यावर बसली. समोर मनोरा. मनोऱ्यावर आकडा. आणि आकडा आजही बदललेला होता.

आकडा बदलायला साहेब मोटारबोटीने जातात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मोटारबोट धक्क्याच्या टोकाला उभी होती, कंपनीचं निळं कव्हर घातलेली. एक सुरकुती नाही, एक दोरा लोंबत नाही. चिमटी तिच्याजवळ गेली आणि खाली वाकली. तिला आता कव्हरांची गाठ आधी बघायची सवय लागली होती.

गाठीपासून कड्यापर्यंत कोळ्याचं जाळं होतं. जुनं, धुळीने भरलेलं. कोळी मधोमध बसला होता.

"ही बोट कित्येक दिवसांत कुणी उघडलेली नाही," ती म्हणाली.

वकिलाने मनोऱ्याकडे बघितलं, मग आपल्या नावेकडे. बाकी सगळ्या नावांना कालपासून साखळ्या आणि कुलपं होती. त्यांच्याच एका नावेला नाडी होती.

तपासणी करणाऱ्या बाईंना सांगून टाकू, असं भोंगाचं म्हणणं पडलं. वकील म्हणाला, पुरावा काय देणार? कोळी? साहेब म्हणतील पोरांनी कव्हर उलटं घातलं, आणि बाई साहेबांचं ऐकतील.  चिमटीला साहेबांचं ते वाक्य आठवत होतं, कव्हर कूस बदलतं का म्हणून विचारलेलं. स्वतः आणलेलं पाणी नावेत उभं, आणि तोंडावर रेष हलली नाही या माणसाच्या.

"आपण सांगायचंच नाही," ती म्हणाली. "त्यांनाच सांगू दे. सगळ्यांसमोर. ओरडून."

रात्री जेवताना तिने आत्याला विचारलं, अगदी सहज, की दोर कापून पुन्हा असा जोडायचा की बांधताना टिकेल पण हिसका दिला की सुटेल, तर कसा?

आत्याने घास खाली ठेवला. भाचीकडे बघितलं, मग मुलाकडे. तो भलताच मन लावून जेवत होता.

"कच्चा टाका," आत्या म्हणाली. "हाताने, लांब लांब. आणि माझ्या कपाटात सोफ्याच्या गोटाची नायलॉनची दोरी आहे, अख्खं रीळ. ते कशाला लागतं ते मला सांगू नका. मी आजारी बाई आहे."

कच्चा टाका

बाई दुपारी जेवणानंतर येणार होत्या. तेव्हा मनोऱ्यावर कालचाच आकडा दिसला तर साहेबांची धडगत नव्हती. म्हणजे ते जाणार, आणि धक्का जेवणासाठी बंद असतो तेव्हाच जाणार.

सकाळी मुलांनी भोकाला ठिगळ लावलेलं कव्हर नावेवर घातलं. दात बाहेर. नावेचा पुढचा, बांधायचा दोर चिमटीने रात्रीच मधे कापून कच्च्या टाक्याने जोडला होता. मागच्या कड्याला, पाण्याखाली, नायलॉनची दोरी बांधली. रीळ दुरुस्तीला काढलेल्या नावांच्या ढिगामागे ठेवलं आणि स्वतःही तिथेच पोटावर पालथी पडली.

धक्का ओस झाला. मग फुलीसाहेब आले. हातात पाट्यांची पिशवी. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, नाडी सोडली. कव्हर काढून धक्क्यावर फेकलं, ओलं-कोरडं न बघता, आणि स्वतः फुली मारलेल्या नावेत बसून ते झपाझप वल्ही मारू लागले.

भोंगाने स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. तिच्या आयुष्यातलं ते सगळ्यांत अवघड काम.

रीळ फिरत राहिलं. दोरी पाण्यात दिसत नव्हती. साहेब मनोऱ्याला लागले, नाव शिडीला बांधली, पिशवी खांद्याला अडकवून वर चढले.

"ओढ," चिमटी म्हणाली.

वकिलाने ओढलं. दोरी ताठ झाली. नाव हलली आणि थांबली. चिमटीने ओढलं. नाव मागे यायची, दोराला ताण बसायचा, की पुन्हा जागच्या जागी.

चिमटीने दोरी सैल सोडली. तिने तो कच्चा टाका डोळ्यांसमोर आणला: सुई, मेण लावलेला दोरा, लांब टाके, आणि शेवटी...

"मी गाठ मारली," ती म्हणाली. "सवयीने. शेवटी मागे-पुढे."

 बिचाऱ्या वकिलाला पालथ्या नावेमुळे काही बोलताही येईना.

मनोऱ्यावर साहेबांचा आकडा लावून झाला होता. ते शिडीकडे वळत होते. चिमटीने फ्रॉक सारखा केला, रीळ दोन्ही हातांनी धरलं आणि पाय धक्क्याच्या दगडाला लावले. तिच्या मागे वकील, त्याच्या मागे भोंगा. भोंगाचा आवाज जेवढा, ताकदही तेवढीच होती; फक्त आजवर कुणी ती मागितली नव्हती.

टर्रकन् काहीतरी उसवलं आणि तिघंही एकमेकांवर उताणी पडली.

नाव सुटली. रिकामी, शांत, मागच्या बाजूने धक्क्याकडे येऊ लागली. शिडीच्या शेवटच्या पायरीवर एक पाय हवेत ठेवून फुलीसाहेब तिच्याकडे बघत राहिले.

मुलांनी नाव धक्क्याला लावली, पुसून कोरडी केली, कव्हर घातलं, नाडी बांधली. साहेब मनोऱ्यावरून हातवारे करत होते. तेवढ्यात धक्क्यावर ट्रक येऊन उभा राहिला, आणि त्याच्या मागोमाग मोठ्या बाईंची गाडी.

पक्का टाका

मोठ्या बाई कामाच्या होत्या. त्यांनी आधी धक्का पाहिला, मग नावा पाहिल्या, मग साहेब कुठे आहेत म्हणून विचारलं. जेवून परतलेल्या एका मासेमाराने मनोऱ्याकडे बोट दाखवलं.

"तिथे कसे गेले?" बाई म्हणाल्या. "मोटारबोट तर इथे दिसतेय."

 बाईंनी स्वतः जाऊन निळं कव्हर उचललं. कोळी पळाला. आत वाळकी पानं, एक जुनी चप्पल, आणि इंजिनाच्या जागी रिकामी चौकट. इंजिन कधीतरी दुरुस्तीला गेलं होतं आणि परत आणायचं राहून गेलं होतं.

बाईंनी कव्हर खाली सोडलं. मग त्यांची नजर दात काढणाऱ्या नावेवर गेली. ट्रकवाला पहार घेऊन तिच्याचकडे निघाला होता.

"आधी ही घेऊन जा आणि त्यांना आणा," बाई त्याला म्हणाल्या.

चिमटी नावेसमोर जाऊन उभी राहिली.

"नाही बाई. ही निकामी आहे."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. कॉलरवर चिमटे, गुडघे खरचटलेले, हातावर दोरीचे वळ.

"कोण म्हणतं?"

"साहेब म्हणतात. ही बघा फुली. फुलीवाली नाव वल्हवायची नाही, हा त्यांचाच नियम आहे. आज ती फोडायची आहे. आम्ही नियम कसा मोडणार?"

"नियमाप्रमाणे," वकील मागून म्हणाला, आणि त्याला खूप दिवसांनी बरं वाटलं, "साहेबांनी स्वतः सांगितल्याशिवाय आम्हाला हात लावता येत नाही."

 बाईंच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"मग विचारा त्यांना," त्या म्हणाल्या.

भोंगा धक्क्याच्या टोकावर गेली. तिने श्वास घेतला. जवळच्या लोकांनी कानांवर हात ठेवले.

"साहेब, बाई विचारतायत, आत्याची नाव वल्हवायला चांगली आहे का?"

मनोऱ्यावरून काहीतरी क्षीण आलं.

"ऐकू येत नाही, साहेब."

"चांगली आहे!"

"नक्की? बुडणार नाही ना? फुली आहे तिच्यावर."

"नाही बुडत! मी कालही हिच्यातूनच आलो!"

हे वाक्य तळ्यावरून फिरून धक्क्यावर आलं आणि तिथे सगळ्यांच्या मधोमध उभं राहिलं. मासेमारांपैकी एक जण खोकला. ट्रकवाल्याने पहार खाली ठेवली.

बाईंनी चिमटीला विचारलं, तू वल्हवतेस ना, तू आणशील त्यांना? चिमटीचे हात शिवशिवले. पण तिने मान हलवली. मनोऱ्यापर्यंत ती एकटी जाणार होती ते आत्या धक्क्यावर उभी असेल त्या दिवशी. साहेबांना आणायला नाही. मग नाव फोडायला आलेला ट्रकवालाच वल्ही मारत गेला. साहेब परत आले ते नावेच्या तळाकडे बघत.

फुली कुणी पुसायची यावर मात्र चर्चा झाली नाही. चिमटीने रॉकेलची बाटली आणि चिंधी आणून साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई मनोऱ्याकडे बघत होत्या. साहेब वाकले आणि घासू लागले.

"बाकी सगळ्या नावांना साखळ्या लागल्या होत्या," घासता घासता ते पुटपुटले. "हिलाच तेवढी नाडी."

जाण्याआधी बाईंनी कव्हर उघडून शिवणी तपासल्या, खोळीत बोट घातलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या की या धक्क्यावर धड झाकलेली नाव त्यांना आज एकच दिसली.

शिवण बाहेर

प्लॅस्टर निघालं त्या दिवशी आत्या काठी टेकत धक्क्यावर आली. आधी तिने कव्हर पाहिलं. एका जागी शिवण घसरलीय, म्हणाली. मग तुटलेल्या दोराचं टोक हातात घेतलं आणि तिचे डोळे बारीक झाले.

"कच्च्या टाक्याला गाठ मारलीस?"

"तूच म्हणालीस. झोपेतसुद्धा."

आत्या इतकी हसली की तिला धरून बाकावर बसवावं लागलं. हसू ओसरल्यावर तिने चिमटीचा हात हातात घेतला, दोरीच्या वळांवरून अंगठा फिरवला आणि आपल्या गळ्यातली शिट्टी काढून तिच्या गळ्यात घातली.

मग पातळ झालेला, पांढराफटक पाय उचलून तिने नावेत पहिलं पाऊल ठेवलं. क्षणभर उभी राहिली. परत धक्क्यावर आली आणि म्हणाली, "जा."

चिमटी गेली. मनोरा जवळून मोठा होता, दगडावर शेवाळं होतं, आणि कुणी ओरडून काही सांगितलं तर प्रत्येक शब्द ऐकू येत होता. भोंगा बरंच काही सांगत होती. चिमटीने मनोऱ्याला हात लावला, शिट्टी फुंकली आणि नाव वळवली.

धक्क्यावर फुलीसाहेब पाट्यांची पिशवी घेऊन उभे होते. इंजिन अजून यायचं होतं. तोवर नाव लागली तर मागून घ्यायची, अशी बाईंची सक्त ताकीद होती.

"नेऊ का?" त्यांनी विचारलं.

"न्या. पण पुसून ठेवा."

ते आकडा बदलून आले, नाव पुसली, कव्हर उचललं. ते तिघांसमोर त्यांनी झटकलं आणि सवयीने शिवणी आत, पांढरी बाजू वर करून पसरायला घेतलं.

चिमटी आत्याला धरून घराकडे निघाली होती. ती वळली.

"दात बाहेर, साहेब."

फुलीसाहेबांनी कव्हर उलटलं. आतून बोट घालून खोळ बाहेर काढली, खुंट्यावर बसवली, आणि मोठ्या काळजीने नाडी बांधली.